रात्रपाळीच्या सह्या

पत्र असं आहे :

"मॅडम, नमस्कार. मी मूळची मानवतची. एम.फार्म. झालं, आता वाळूजच्या एका औषध कंपनीत क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात आहे. वय २८. आमच्याकडे टॅब्लेट, कॅप्सूल आणि लिक्विड बनतं. पुढच्या महिन्याच्या शेवटी परदेशी कस्टमरचं ऑडिट आहे. त्यांच्या प्रश्नावलीत एक रकाना आहे : कर्मचाऱ्यांना बायोएथिक्सचं, म्हणजे औषध आणि उपचारांतल्या नीतीचं, प्रशिक्षण दिलंय का? ते काम माझ्या गळ्यात पडलं. मुंबई ऑफिसातून ४६ स्लाइडचं इंग्रजी प्रेझेंटेशन आलं. पहिल्या बॅचला ते दाखवलं, तर ग्रॅन्युलेशनचे दोन ऑपरेटर बसल्या जागी झोपले. एकाने विचारलं, 'मॅडम, हे सगळं दवाखान्यातलं आहे, आपला काय संबंध?' मला उत्तर देता आलं नाही.

एकूण १८० लोक. साठ-सत्तर जण रात्रपाळीला, त्यातले बरेच कॉन्ट्रॅक्टवर. प्रॉडक्शनवाले त्यांना सोडत नाहीत. साहेब म्हणाले, 'सह्या घेऊन टाक, पेपर आपण भरू, तारीख मागच्या महिन्याची टाक.' मी 'बघते सर' म्हणून निघून आले. बाबांची सोयाबीन यंदा पाण्यात गेली. भाऊ संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्याची खोली आणि मेस माझ्या पगारावर चालते. नाही म्हणायची भीती वाटते, हो म्हणायचं तर झोप येत नाही. प्रशिक्षण कसं घ्यावं आणि सह्यांचं काय करावं?"

तुला एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे आणि माझी निम्मी नोकरी तुझ्याच पट्ट्यात गेली.

सह्यांचं आधी घेऊ. त्यावर तुझी झोप अडली आहे.

१९९४ ची गोष्ट. मी क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबमध्ये, केमिस्ट होते. ब्लड प्रेशरच्या गोळीचं डिसोल्यूशन लावलं होतं, म्हणजे ठरलेल्या वेळात गोळीतलं औषध किती विरघळतं ते बघायचं, सहा भांडी, सहा गोळ्या. दोन गोळ्या कमी आल्या. आता त्यात काही आभाळ कोसळत नाही. फार्माकोपियात, औषधांच्या मानकांच्या पुस्तकातच, पुढची सोय आहे, आणखी सहा गोळ्या लाव, मग बारा. पण डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती. साहेब म्हणाले, "परत मार, आणि पहिला कागद काढून टाक." मी परत रन मारला, आकडे बरे आले, ते लिहिले, सही केली. पहिल्या कागदाचे चार तुकडे करून अॅप्रनच्या खिशात टाकले आणि विसरले. रविवारी अॅप्रन धुवायला काढला तेव्हा खिशातून लगदा निघाला. बोटांना शाईचा निळा डाग लागला. बस, इतकंच झालं. बॅच गेली, कुणी तक्रार केली नाही, मला कुणी विचारलं नाही. त्या गोळ्या कुणी खाल्ल्या, त्याचं बीपी उतरलं की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. वर्षभराने आईला डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून दुसऱ्या कंपनीचं मागितलं.

ही गोष्ट मी तुला घाबरवायला सांगत नाही. साहेब जेव्हा म्हणतात "नुसती सही तर आहे", तेव्हा पोटात जो गोळा येतो तो वेडेपणाचा नसतो, एवढंच सांगायचंय.

आता व्यवहाराचं. समज, तू मागच्या महिन्याची तारीख टाकून साठ जणांच्या सह्या घेतल्यास. ऑडिटर काय करतो, माहितीये? तो अटेंडन्स शीट वाचतच नाही. त्यातली चार नावं उचलतो आणि त्या दिवसाचं गेटचं पंचिंग मागतो. मग त्याच तारखेचं एखादं बीएमआर, म्हणजे बॅच बनवतानाचं नोंदपुस्तक, मागतो. सकाळी ११ ते १ ट्रेनिंगला बसलेला माणूस ११ वाजून ४० मिनिटांनी ब्लेंडिंगच्या स्टेपवर सही करताना सापडतो. कॉन्ट्रॅक्टच्या मुलांचं तर आणखी सोपं आहे, जॉइनिंगच जिथे ७ तारखेची तिथे ट्रेनिंग ३ तारखेचं! मी स्वतः ऑडिटर म्हणून गेले तेव्हा हेच करायचे. साठही पेपरांत एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात 'ब' बरोबर, हे पाहिलं की आम्ही चहा संपवायचो आणि मग खऱ्या कामाला लागायचो. कारण ज्या घरात हजेरी खोटी, तिथे लॅबमधल्या एचपीएलसी मशिनचे आकडे खरे कशावरून?

प्रशिक्षण अपुरं असणं ही बारकी त्रुटी आहे. तारखा देऊन पूर्ण करता येते. खोटी नोंद सापडली की गोदामातल्या प्रत्येक ड्रमवर संशय येतो. तुझ्या साहेबांना हे कळत नाही असं नाही. २०१३ मध्ये वाळूजच्याच एका प्लांटवर अमेरिकेच्या एफडीएने इम्पोर्ट अलर्ट लावला, म्हणजे तिथला माल अमेरिकेत अडवला, मुद्दा रेकॉर्डच्या खरेपणाचाच होता. तेव्हा बजाजनगरात कितीतरी घरांमध्ये महिनाभर तोच विषय होता. साहेब तेव्हा इथेच असतील तर त्यांना आठवण करून द्यायची गरज पडणार नाही.

म्हणून त्यांच्याशी नीतीचं बोलूच नकोस. मीटिंगमध्ये तर मुळीच नको, चारचौघांत त्यांना मागे येता येणार नाही. संध्याकाळी केबिनमध्ये एकटे असताना जा आणि सांग, "सर, तारखा पंचिंगशी आणि बीएमआरशी जुळणार नाहीत, आपण अडकू. मी शेड्यूल करते. ऑडिटपर्यंत निदान १२० लोक खरे होतील, उरलेल्यांची पेंडिंग लिस्ट तारखांसकट दाखवू." हातात शेड्यूलचा कागद घेऊनच जा. माणूस कागद पाहिला की वाद कमी घालतो. घरी जायच्या आधी त्यांना तेच शेड्यूल मेल कर, दोन ओळींत, कुणावर ठपका न ठेवता : आपल्या चर्चेप्रमाणे सोबत जोडते आहे, प्रॉडक्शनकडून वेळ मिळावी.

दहातले सात साहेब इथेच मऊ होतात. त्यांना खोटेपणाची हौस नसते, त्यांना फक्त तो रकाना भरलेला हवा असतो.

उरलेल्या तिघांपैकी तुझे निघाले तर? ट्रेनर म्हणून जी सही आहे ती तुझी आहे, ती करू नकोस. "सर, मी घेतलेल्या बॅचवर सही करते, न घेतलेल्यावर नाही करत" इतकंच म्हण आणि थांब. मुंबई ऑफिसची व्हिसलब्लोअर पॉलिसी, म्हणजे गैरप्रकार कळवण्याचे नियम, असेल, ती शोधून वाचून ठेव, पण पहिल्याच दिवशी तिचा बडगा उगारू नकोस. कधी काय बोलणं झालं ते घरच्या वहीत तारखेने लिहीत जा. कंपनीच्या कागदांचे फोटो काढून घरी आणू नकोस, त्यात तूच अडकशील. आणि गुपचूप सीव्ही नीट करून ठेव. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज मिळून आपलं जग एका लग्नाच्या पंगतीएवढं आहे. कोण कशाला नाही म्हणालं हे इथे कळतं, आणि चांगल्या क्यूए हेडला अशीच माणसं हवी असतात. तरी धोका नाही असं मी म्हणणार नाही. तुझ्या पगारावर तीन माणसं आहेत. म्हणून तर शेड्यूलचा कागद आधी, बाकी सगळं नंतर.

आता त्या ऑपरेटरचा प्रश्न. त्याने वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला आणि तू त्याला उत्तर देऊ शकली नाहीस, कारण त्या ४६ स्लाइडमध्ये त्याचं उत्तर नाहीच. ती स्लाइड न्यूरेंबर्गपासून सुरू होते ना? सगळ्यांची तिथूनच होते. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नियम : १९४७ चं न्यूरेंबर्ग, १९६४ चं हेलसिंकी, १९७९ चा बेलमाँट अहवाल, मग नीतीची चार तत्त्वं आणि शेवटी हात जोडलेलं 'थँक यू'. खोटं त्यात काही नाही. पण गंगापूरहून बसने येणाऱ्या, दुपारी डबा खाऊन बसलेल्या माणसाला यातलं काय पकडायला मिळतं?

त्याला ग्लिसरीन दाखव. खरंच दाखव, काचेच्या बाटलीत. घट्ट, पारदर्शक, गोडसर. मग सांग की डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं एक केमिकल दिसायला असंच, पारदर्शक, घट्टसर, असंच गोड, आणि स्वस्त. ते पोटात गेलं की किडनी बंद पडते, लघवी थांबते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण अशाच ग्लिसरीनने गेले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हे विष होतं. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. अमेरिकेत १९३७ मध्ये याच केमिकलने शंभरावर माणसं गेली होती. म्हणजे जगाला हे जे.जे.च्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं माहीत होतं. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसवर लेकरं गेली. तामिळनाडू सरकारच्या प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? ०.१ टक्का.

आता विचार, "आपल्याकडे लिक्विड सेक्शन आहे. ग्लिसरीनचे, सिरपमध्येच घालायच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचे ड्रम आले. तेरा ड्रम आहेत. सॅम्पल किती ड्रममधून काढायचं?" वेअरहाउसचा माणूस उत्तर देईल, "सगळ्या." मग विचार, "आणि खरं किती ड्रममधून निघतं?" इथे शांतता होईल. तिला हात लावू नकोस, अर्धा मिनिट तशीच राहू दे. कुणीतरी खाली बघून हसेल, कुणी शेजाऱ्याकडे बघेल. तुझं प्रशिक्षण तिथे सुरू झालं. तेराच्या जागी तीन ड्रम उघडून लेबलवर तेरा लिहिणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला पाठदुखी असते, फोर्कलिफ्ट बंद असते, तीन वाजायच्या आत काम उरकायचं असतं. छिंदवाड्याच्या त्या लेकरांच्या आयांनी बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा त्यांना एवढंच वाटलं असणार की मागे कुणीतरी तपासलं असेल. तो 'कुणीतरी' तुझ्या समोरच्या खुर्चीत बसलाय. त्याला हे सांगायला फार मोठा आवाज लागत नाही.

दुसरा धागा आणखी जवळचा आहे, पण बहुतेक प्लांटमध्ये कुणी सांगत नाही. तुमच्याकडे जेनेरिकच्या एक्झिबिट बॅचेस, म्हणजे परवानगीसाठी बनवायच्या पहिल्या बॅचेस, होत असतील. त्यातल्या गोळ्या पुढे बायोइक्विव्हॅलन्स स्टडीला, म्हणजे आपली गोळी मूळ गोळीसारखीच रक्तात उतरते का ते बघायला, जातात. तिथे ठणठणीत माणसांना, आजार काहीच नसलेल्यांना, आपली गोळी आणि मूळ कंपनीची गोळी आलटून पालटून देतात, आणि दंडात सुई ठेवून ठरावीक वेळाने रक्त काढतात. ही माणसं कोण असतात? बहुतेक करून पैशाची नड असलेली तरुण मुलं. त्यांना त्या गोळीचा काडीचा फायदा नसतो, धोका मात्र असतो. आपल्या गोळ्या दाबायच्या कॉम्प्रेशन मशिनवर 'वजन थोडं वरखाली होतंय, चालू दे' असं म्हटलं जातं, तेव्हा ते त्यांच्या पोटात चालू होतं. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत या स्टडी येतात. एथिक्स कमिटीची परवानगी, इजा झाली तर फुकट उपचार, नुकसानभरपाई, गंभीर त्रास झाल्यास चोवीस तासांच्या आत कळवणं, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. ऑपरेटरला कलमं पाठ नकोत. आपण बनवलेली पहिली गोळी एका निरोगी पोराच्या तोंडात जाते, इतकं कळलं तरी पुरे. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कोटिंगचा एक जुना ऑपरेटर म्हणाला होता, "बाई, हे वीस वर्षांत कुणीच सांगितलं नाही." त्यानंतर तो सगळ्या सेशनला पुढच्या रांगेत.

आणि संमती. इथे तू न्यूरेंबर्ग सोड आणि बीडला ये. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा विषय गाजला, सरकारने समिती नेमली, ते तुझ्या लोकांना माहीत आहे. त्यातल्या कुणाची तरी मावशी, आत्या फडावर जात असेल. विचार, "त्या बाईने कागदावर अंगठा दिला होता. मग तिची संमती होती का?" एक जण म्हणेल, होती, अंगठा दिला म्हणजे झालं. दुसरा म्हणेल, उचल घेतलेली, मुकादम दारात, खाडा पडला तर पैसे कापणार, ती नाही कशी म्हणेल? झाली की चर्चा. 'ऑटोनॉमी', म्हणजे स्वतःचं स्वतः ठरवण्याचा हक्क, हा शब्द न उच्चारता झाली. उचल घेतलेल्या माणसाची 'हो' किती त्याची स्वतःची असते, हा प्रश्न मराठवाड्याला जितका नीट कळतो तितका कुठल्याही पाठ्यपुस्तकाला कळत नाही.

रिटायर झाल्यावर मी काही वर्षं एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर, माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीवर, होते. एका ट्रायलमध्ये लोकांना काय समजलंय ते बघायला आम्ही वॉर्डात गेलो. गेवराईकडची एक बाई, पन्नाशीची, पदर डोक्यावर. मी म्हटलं, "यात तुम्हाला काय सांगितलं?" ती म्हणाली, "सही कुठं करू?" मी परत विचारलं. ती परत, "बाई, सही कुठं करू ते दावा." तिच्या हातात चौदा पानांचं मराठी माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं, 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.' मीच ते दोनदा वाचलं. बरं, हे मराठी कोण लिहितं देव जाणे. शब्दकोश आडवा टाकून त्यावर लोळलं की असं येतं. आम्ही ते परत पाठवलं आणि लिहून दिलं : चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल, काहींना औषधाची गोळी मिळेल, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली, कुणाला कोणती मिळाली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. चौदाची आठ पानं झाली. मग त्याच बाईला विचारलं, नाही म्हणालात तर काय होईल? ती म्हणाली, "डाक्टर रागं भरतील." म्हणजे तिने अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी शेजारी बसून तिला सांगितलं की रागावणार नाही, उपचार चालूच राहतील. तेव्हा तिने नाही म्हटलं आणि आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं, डॉक्टरांनासुद्धा.

ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी तिऱ्हाईत साक्षीदार शेवटपर्यंत हजर लागतो, असा नियम आहे. ही गोष्ट सांगितलीस की तो नियम का आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता गंमत बघ. तुझे साहेब तुला कॉन्ट्रॅक्टच्या मुलांकडून, न वाचता, न ऐकता, घाईत सह्या घ्यायला सांगताहेत. विषय कोणता, तर संमती! तुझ्या कॉन्ट्रॅक्टच्या मुलाने "सही कुठं करू" असं विचारलं तर तू त्याला काय सांगणार आहेस? मी असते तर पहिल्या खऱ्या बॅचला हे त्या मुलांसमोरच बोलून दाखवलं असतं : "या शीटवर सही करायची ती सगळं ऐकून झाल्यावर. पटलं नाही, कळलं नाही, तर करू नका, परत विचारा."

आता प्रशिक्षण घेण्याची पद्धत. वीसच्या वर माणसं नकोत, चाळीस मिनिटांच्या वर वेळ नको. ट्रेनिंग हॉल नको, कँटीन बरं, तिथे लोक बोलतात. भाषा मराठी, ज्यांना हिंदी बरी त्यांच्यासाठी हिंदी. स्लाइड एकही नाही, ग्लिसरीनची बाटली आणि एक कोरं बीएमआरचं पान पुरे. सगळ्यांना एकच डोस देऊ नकोस. वेअरहाउसला ड्रम, क्यूसीला डिसोल्यूशन आणि ऑडिट ट्रेल (कॉम्प्युटरमध्ये कुणी काय बदललं त्याची नोंद), प्रॉडक्शनला एक्झिबिट बॅच. परीक्षा घ्यायचीच तर तोंडी घे, एकेकाला एक प्रसंग देऊन 'तू काय करशील' असं विचार आणि शीटवर 'तोंडी मूल्यमापन' असं खरं लिही. पर्याय दिलेला पेपर हे आपल्याकडे शेजाऱ्याच्या वहीत बघायचं निमित्त असतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक बॅचला सांग. औषधाचा त्रास कुणालाही झालेला कानावर आला, मग तो बायकोला असो, गावातल्या माणसाला असो की लग्नात भेटलेल्या पाहुण्याला, आणि औषध आपलं असेल, तर ते कंपनीच्या फार्माकोव्हिजिलन्स विभागाला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्यांना, लगेच कळवायचं. दुसऱ्या कंपनीचं असेल तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी फुकट नंबर आहे, आणि लोकांनी भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. माझ्या एका बॅचमध्ये पॅकिंगच्या मुलीने हात वर केला आणि सासूच्या अंगावर आलेल्या पुरळाबद्दल सांगितलं. चार महिने ती गप्प होती, कारण "कंपनीविरुद्ध बोलल्यासारखं होईल" असं तिला वाटलं. तिचा तो गैरसमज काढायला चाळीसपैकी दहा मिनिटं गेली. चुकीची गेली असं मला वाटत नाही.

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह तुझ्या १८० मध्ये नसावेत. असले तर त्यांची बॅच वेगळी घे. त्यांच्यासाठी मार्च २०२४ ची यूसीपीएमपी, म्हणजे औषधांच्या मार्केटिंगची सरकारी आचारसंहिता, आहे, डॉक्टरांना भेटवस्तू नाहीत, परदेशवारी नाही, सॅम्पल वर्षाच्या देशातल्या विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत. ते लोक हे तुझ्याआधी वाचून बसलेले असतात, पळवाटांसकट.

तुला स्वतःला वाचायचं असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाच. जाड आहेत, पण संमतीचं आणि दुर्बल गटांचं प्रकरण आधी घे. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' ऑनलाइन फुकट वाचता येतं. त्यातले लेख इंग्रजीत आहेत, पण माणसं आपली आहेत. सर्टिफिकेट हवं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिकण्याच्या सरकारी साइटवर आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा आरोग्य संशोधनाचा कोर्स आहे, त्यात एथिक्सचा भाग येतो. ऑडिटरला सर्टिफिकेट दाखवायला बरं, तुला सीव्हीला बरं.

राहिली रात्रपाळी. प्रॉडक्शन सोडत नाही म्हणतेस, पण पाळी ११ ला सुरू झाली की लाइन क्लिअरन्स (आधीच्या मालाचं काही उरलं नाही ना याची तपासणी) आणि सही-शिक्के होईपर्यंत पॅकिंगची माणसं अर्धा तास भिंतीला टेकूनच असतात. शिफ्ट इन्चार्जशी बोल, तो वेळ माग. पहाटे पाचला बसवू नकोस, डोळे उघडे ठेवून झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. एका रात्री पंधरा-वीस, आठवड्यात तीन रात्री. दोन आठवड्यांत तुझी रात्रपाळीची सगळी माणसं होतील. यायला-जायला कंपनीची गाडी माग, लेखी माग, रिक्षाने जाऊ नकोस. आणि तुझं बोलणं लांबून सह्यांना बारा वाजून गेले, तर शीटवर दुसऱ्या दिवसाची तारीख टाक.